मंगला एक्स्प्रेसनं उतरलात, आता मिस्सा कुठे? नाशिकमध्ये नव्यानं आलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी

मंगला एक्स्प्रेस एर्नाकुलमहून निघते, मंगळूर, मडगाव करत कोकणातून वर येते आणि पनवेल, कल्याणवरून नाशिकरोडला थांबते. नाशिकमधल्या परगावच्या कॅथलिकांचा अर्धाअधिक नकाशा या एका गाडीच्या वेळापत्रकात मावतो. कुणी ओझरच्या एचएएलमध्ये आलं, कुणी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात, कुणी देवळालीच्या तोफखान्यात, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात, कुणी नर्स म्हणून. मी वसईचा, म्हणजे माझी गाडी वेगळी. पण बायको मंगळूरची. सासूबाईंचा नारळ-फणसाचा बोजा अजूनही मंगलानंच येतो आणि तो उतरवायला मीच जातो.

२००९ मध्ये नोकरीसाठी अंबडला आलो तेव्हा वाटलं होतं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतच आहे, मला कसली अडचण? पहिल्याच रविवारी कळलं. पेटी, ढोलकी, टाळ, आणि स्तोत्राची चाल अशी की मी वसईच्या सवयीनं अर्धी ओळ आधीच सुरू झालो. पुढच्या बाकावरच्या मावशींनी वळून पाहिलं. बायको शेजारी हसू दाबत म्हणाली, "आता कळलं ना, वसईत माझं काय होत होतं ते?"

तेव्हापासून आम्ही काही कोकणी आणि वसईकर घरं मिळून आपापल्या रीतीनं प्रार्थना, सण करत आलो. आठ सप्टेंबरच्या सुमाराला मोंती फेस्त, म्हणजे मरियेच्या जन्माचा आणि नव्या भाताचा सण करतो, ऑक्टोबरात घरोघरी तेर्स, म्हणजे जपमाळ म्हणतो. हे जमायला दोनतीन वर्षं गेली, आणि त्यातलं निम्मं आमच्याच चुकांपायी. तुमचं पहिलं-दुसरं वर्ष असेल तर पुढचं वाचा.

१. आधी पॅरिश, मग आपली माणसं

बहुतेक जण उलटं करतात. आल्या आल्या "इथे कोकणी मिस्सा कुठे?" किंवा "मलयाळी कुर्बान कुठे?" (केरळकडे मिस्सेला कुर्बान म्हणतात) म्हणून शोधायला लागतात, आणि महिन्यातून एकदा ती मिळाली की उरलेले रविवार मनाला येईल तिथे जातात. तसं करू नका. धर्मग्राम, म्हणजे आपली पॅरिश, पत्त्यावरून ठरते. कुठलं चर्च जवळ वाटतं किंवा कुठल्या फादरांचं प्रवचन आवडतं यावर नाही. तुमची सोसायटी कुणाच्या हद्दीत येते ते कुठल्याही चर्चच्या ऑफिसात विचारा, ते सांगतात.

नाशिक धर्मप्रांत तसा तरुण आहे. १९८७ साली तो पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, आणि जेज्वीट संघाचे थॉमस भालेराव पहिले महागुरुस्वामी, म्हणजे बिशप झाले. नाशिकबरोबर नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार एवढा पसारा त्यात आहे. म्हणजे फादर मोजके आणि अंतरं लांब. इथल्या फादरांना फोन केला आणि ते रानातल्या एखाद्या केंद्रावर मिस्सेला गेलेले असले तर रागावू नका. मुंबईसारखं दर दोन किलोमीटरवर चर्च इथे नाही.

नाव नोंदवायला रविवारी मिस्सेनंतर दारात फादरांना गाठू नका. त्या वेळी त्यांच्याभोवती पंधरा जण असतात आणि तुमचं नाव तुम्ही पार्किंगपर्यंत पोचायच्या आत ते विसरतात. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, ऑफिसची वेळ विचारून, नवराबायको दोघं जा. कार्ड मिळेल, घर कुठल्या छोट्या समूहात येतं ते कळेल.

सापळा: नाशिकरोडला बाळ येशूचं तीर्थ आहे. नवी माणसं आधी तिथेच जातात, गर्दीत आपल्या गावचं कुणी भेटतं, बरं वाटतं. जरूर जा. पण तीर्थाला जाणं वेगळं आणि पॅरिशच्या रजिस्टरात नाव असणं वेगळं. आमच्यातले एक गोवेकर काका अकरा वर्षं नाशिकमध्ये होते, एक रविवार चुकवला नाही, पण नाव कुठेच नव्हतं. एका रात्री ते गेले. मुलगा परदेशातून निघालेला, काकूंना कागद सापडेनात, आणि दफनविधी कुणी, कुठे करायचा हे ठरवण्यात सकाळचे चार तास गेले. शेवटी सगळं नीट झालं. पण ते चार तास काकूंनी बाहेरच्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन काढले. त्यानंतर आमच्या गटात कुणी नवं आलं की चहाच्या आधी पहिला प्रश्न असतो: नाव नोंदवलं का?

२. कागद: काय काय, आणि नावांची भानगड

गावी गेलात की एकाच फेरीत हे घेऊन या:

- घरातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला, नव्यानं काढलेला
- दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं असेल तर त्याचा दाखला
- चर्चमधल्या लग्नाचा दाखला
- आधीच्या पॅरिशच्या फादरांचं पत्र, "हे कुटुंब आमच्याकडचं" एवढं दोन ओळींचं
- आधार आणि भाडेकराराची झेरॉक्स

"बाप्तिस्म्याचा दाखला आहे की, १९८४ चा, लॅमिनेट केलेला." तो भिंतीला लावा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात पुढे दृढीकरण, लग्न वगैरेची नोंद समासात केली जाते. लग्नाच्या वेळी ताजा दाखला मागतात तो यासाठीच, माणूस अजून अविवाहित आहे ना हे त्यावरून कळतं. लग्नाला सहसा सहा महिन्यांच्या आतला दाखला लागतो, म्हणून ज्यांच्या घरात लग्नाची मुलं आहेत त्यांनी तो फार आधी काढून ठेवूनही उपयोग नाही.

खरी भानगड नावांची. केरळच्या दाखल्यावर औसेफ, आधारवर जोसेफ. दाखल्यावर देवस्सिया, पासपोर्टवर सेबास्टियन. वर्की म्हणजे जॉर्ज, मत्ताई म्हणजे मॅथ्यू, हे केरळच्या बाहेर कुणाला ठाऊक? वर घराचं नाव कधी आधी, कधी नंतर, कधी गायबच. मंगळूर-गोव्याकडे डिसोझाच्या स्पेलिंगचे प्रकार घराघरांत वेगळे. आमच्या वसईतही जुन्या दाखल्यांवर पोर्तुगीज वळणाची नावं असतात आणि शाळेत भलतीच. गावच्या फादरांकडूनच "अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती" असं शिक्क्यानिशी लिहून घ्या. नाशिकमध्ये बसून फोनवर हे होत नाही. मी करून पाहिलंय.

३. तुमचा प्रश्न भाषेचा की रीतीचा?

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

कोकणी, तमिळ, वसईकर, ईस्ट इंडियन (मुंबईकडचे मूळचे कॅथलिक), छोटा नागपूरकडची आदिवासी कुटुंबं, ही बहुतेक सगळी लॅटिन रीतीची, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीची. त्यांचा प्रश्न भाषेचा आणि सणांचा. मिस्सा तीच, गाणी आणि चालीरीती वेगळ्या. त्यांनी स्थानिक पॅरिशमध्ये राहूनच आपली सोय करायची.

केरळचे सिरो-मलबार कॅथलिक मात्र वेगळ्या रीतीचे. त्यांची कुर्बान वेगळी, पंचांग वेगळं, धर्मप्रांतही वेगळा. मुंबई, पुणे, नाशिक या पट्ट्यातल्या सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला. म्हणजे नाशिकमधल्या सिरो-मलबार माणसाची मूळ नोंद तिकडे असते, मग तो रोज शेजारच्या लॅटिन चर्चमध्ये का जाईना. रविवारच्या मिस्सेचं कर्तव्य कुठल्याही कॅथलिक रीतीच्या मिस्सेनं पुरं होतं, शनिवार संध्याकाळचीही चालते, त्यामुळे शिफ्ट ड्युटी असलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण वर्षानुवर्षं लॅटिन चर्चला गेल्यानं रीत बदलत नाही.

याचा व्यवहारात फरक कुठे पडतो? तीन ठिकाणी.

एक, ईस्टरआधीचा उपवासकाळ. सिरो-मलबार घरात तो सोमवारी सुरू होतो, राख त्या दिवशी. लॅटिन लोकांचा राखेचा बुधवार दोन दिवसांनी. आमच्या मजल्यावरच्या त्रिशूरच्या ताईंना मी पहिल्या वर्षी त्या मंगळवारी मटण पाठवलं होतं. त्यांनी डबा परत केला, धुऊन, त्यात साखर घालून.

दोन, मुलांचं दृढीकरण. सिरो-मलबारमध्ये आता बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरण देतात. ते मूल नाशिकच्या लॅटिन पॅरिशच्या धर्मशिक्षण वर्गात जातं, आठवी-नववीत सगळ्या वर्गाचं दृढीकरण ठरतं आणि आईवडील भिडेपोटी काही बोलत नाहीत. हा संस्कार दोनदा होत नाही. दाखला दाखवा आणि सांगा. मूल सोहळ्याला हजर राहू शकतं, गाऊ शकतं.

तीन, लग्न. सिरो-मलबार वधू किंवा वर असेल तर लॅटिन चर्चमध्ये लग्न करतानाही दोन्हीकडच्या फादरांशी आधीच बोला. तिथे आशीर्वाद द्यायला धर्मगुरूच लागतो, डीकन, म्हणजे त्याच्या खालच्या पायरीचा सेवक, चालत नाही. मिश्र रीतीच्या घरात मूल साधारणपणे वडिलांच्या रीतीचं धरतात. दोघांना वेगळं हवं असेल तर बाप्तिस्म्याआधी सांगायचं, केक कापताना नाही.

४. घरातल्या जपमाळेपासून सुरुवात करा

गट जमवायला हॉल लागत नाही. फादरही लागत नाहीत. पाच घरं पुरतात. आम्ही एका ऑक्टोबरात, म्हणजे जपमाळेच्या महिन्यात, दर शनिवारी एकेका घरी तेर्स ठेवला. पहिल्या शनिवारी नऊ माणसं होती, त्यातली चार आम्हीच. कोकणीतून तेर्स, मग लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना), मग चहा. चौथ्या शनिवारी चपला लिफ्टपर्यंत गेल्या.

माणसं कशी सापडतात? मिस्सेनंतर पार्किंगमध्ये. दुचाकीला लटकवलेला रोजारी, डिकीत नारळ, फोनवरची "कसो आसा?" हे कानावर आलं की ओळख करून घ्यायची. दुसरी युक्ती सिस्टरांची. इथल्या शाळा-दवाखाने चालवणाऱ्या कॉन्व्हेंटांमध्ये मंगळूर आणि केरळच्या सिस्टर असतात, त्यांना शहरातलं प्रत्येक घर माहीत असतं, आणि आपल्या भाषेत कुणी बोललं की त्या दोन तास सोडत नाहीत.

सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगा. "शनिवारी साडेसात ते साडेआठ आमच्याकडे प्रार्थना आहे, वीसेक माणसं येतील, आमचीच." एवढंच, पण आधी. नाही सांगितलं तर अनोळखी माणसं एका घरात का जमतात यावर जिन्यात चर्चा होते, आणि हल्लीच्या दिवसांत ती चर्चा कुठे जाईल सांगता येत नाही. घर भाड्याचं असेल तर मालकालाही कानावर घाला. माइक, स्पीकर नकोच. गाणी पट्टी खाली धरून म्हणा. आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंना पहिल्याच वेळी बोलावलं. त्या कोपऱ्यात बसून आपल्या पद्धतीनं हात जोडून होत्या. पुढच्या वेळी त्यांनी कांदेपोहे करून आणले.

५. फादरांकडे काय मागायचं, आणि कसं

घरोघरी तेर्स सहा महिने चालल्यावर मग स्वतःच्या भाषेतली मिस्सा मागायला जा. आधी नाही. रजिस्टरात नाव, छोट्या समूहाच्या बैठकीला हजेरी, चर्चच्या सणाला चार खुर्च्या उचललेल्या, एवढं पाठीशी असलं की बोलणं सोपं जातं.

अर्ज लेखी द्या, एक पानी. तारीख, वेळ, अंदाजे किती माणसं, भाषा, मिस्सा कोण अर्पण करणार, जेवण आहे का, साफसफाई कोण करणार. शेवटचा मुद्दा विसरू नका, तो वाचून फादर निम्मे राजी होतात.

बाहेरून फादर येणार असतील तर त्यांच्याकडे सेलेब्रेट नावाचं पत्र हवं: हे अमुक धर्मप्रांताचे किंवा संघाचे धर्मगुरू आहेत, मिस्सा अर्पण करायला मोकळे आहेत, असं त्यांच्या वरिष्ठांनी दिलेलं, वर्षाच्या आतलं. "अहो ते माझे मामेभाऊ आहेत" हे त्याला पर्याय नाही. मिस्सा चर्चबाहेर, हॉलमध्ये किंवा घरी हवी असेल तर तेही वेगळं विचारा. ती सवलत असते, हक्क नव्हे.

कोकणी बोलणारे फादर शोधायला पुण्यामुंबईला जायच्या आधी नाशिकमधल्याच संघांच्या घरांमध्ये विचारा. शिकायला, शिकवायला आलेले मंगळुरी-गोवेकर फादर तिथे असतात. मुंबईहून कुणी येणार असतील तर आदल्या रात्रीच बोलवा. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकली की सकाळच्या साडेनऊची मिस्सा दुपारी एकला होते. आमची झाली आहे. प्रवासखर्च, मिस्सेचं मानधन आणि जेवण गटानं करायचं, पॅरिशवर टाकायचं नाही.

काय बदलता येतं? गाणी, प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, मिरवणूक. वाचनं आणि मिस्सेच्या मूळ प्रार्थना त्या त्या भाषेत मंजूर झालेल्या पुस्तकातूनच. आमच्यातल्या एका उत्साही माणसानं मराठी प्रार्थनांचं स्वतः कोकणी भाषांतर करून आणलं होतं, सुवाच्य अक्षरात. फादरांनी ते प्रेमानं घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

६. गाण्यांचे कागद: एक भाषा, तीन लिप्या

मंगळूरकर कोकणी कन्नड लिपीत वाचतात. गोव्याचे कॅथलिक रोमी, म्हणजे रोमन लिपीत. आणि दोघांचीही नाशिकमध्ये वाढलेली मुलं देवनागरीत, शाळेत मराठी आहे म्हणून. पहिल्या वर्षी आम्ही कन्नड लिपीतल्या झेरॉक्स वाटल्या. गोवेकरांनी त्या घडी करून खिशात घातल्या आणि पोरांनी विमानं केली.

आता आम्ही सगळं देवनागरीत टाइप करतो. मोठ्यांना सुरुवातीला जड गेलं, पण बहुतेकांना गाणी पाठच असतात, कागद फक्त धीराला लागतो. मुलांसाठी तो खरा उपयोगाचा. शब्दांचे वाद होतात: मरियेला मंगळूरकडे मोरिया, गोव्याकडे सायबीण. ज्या गावचं गाणं त्या गावचा शब्द ठेवा, बदलू नका. आणि एक तरी गाणं मराठी ठेवा. ना. वा. टिळकांचं शिक्षण याच गावात झालेलं, त्यांची पदं इथे मावश्यांना तोंडपाठ आहेत. ते सुरू झालं की आमच्या कोकणी मिस्सेत मागे उभे असलेले नाशिककरही गायला लागतात. ढोलकीवाला मात्र त्यांच्याकडूनच घ्या. आमचा गिटारवाला अभंगाच्या चालीत दरवेळी हरवतो.

७. आठ सप्टेंबर

हा भाग मोठा आहे, कारण आमचं वर्ष याच्याभोवती फिरतं.

आठ सप्टेंबर म्हणजे पवित्र मरियेचा जन्मदिन. मंगळूरकरांचं मोंती फेस्त याच दिवशी. त्याआधी नऊ दिवस मुलं बाळ मरियेला फुलं वाहतात आणि सणाच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळतो. पण तमिळ कुटुंबांची वेलांकणी मातेची नऊ दिवसांची भक्तीही २९ ऑगस्टला ध्वज चढवून सुरू होते आणि आठलाच संपते. आपल्याच धर्मप्रांतात, श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावला मतमाउलीची यात्रा सप्टेंबरातच, आणि तिथे फादर, सिस्टर, कॉयर सगळे गुंतलेले. वर गणपती बहुतेक वर्षी याच सुमाराला. म्हणजे हॉल नाही, फादर नाहीत, केटरर नाही, झेंडूचा भाव विचारू नका. पहिल्या वर्षी आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज घेऊन गेलो आणि तसेच परत आलो. अर्ज जूनमध्ये द्या.

तारखेवरूनही भांडण होतं. गोव्यात कणसांचं फेस्त ऑगस्टमध्येच, गावोगावी वेगळ्या तारखेला. ईस्ट इंडियनांचा आगेरा, म्हणजे त्यांचा सुगीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. प्रत्येकाला आपलीच तारीख खरी वाटते, आणि ज्याच्या त्याच्या शेताच्या हिशेबानं ती खरी असतेही. आम्ही आठ सप्टेंबरच्या जवळचा रविवार धरतो, लोकांना सुट्टी असते म्हणून. लक्षात ठेवा, रविवारी मिस्सा रविवारचीच राहते, मरियेच्या सणाची होत नाही. लोंब्यांचा आशीर्वाद आणि मिरवणूक त्याला जोडून करता येते. ते फादरांशी आधी ठरवा.

आता लोंब्या. नाशिक म्हणजे द्राक्षं आणि कांदा, भात कुठून आणणार? इगतपुरीच्या बाजूला. पहिल्यांदा आम्ही दोघं मोटरसायकलवर घोटीच्या पुढे गेलो, रस्त्याकडेच्या एका शेतात माणूस दिसला, त्याला विचारलं.

"आत्ता? भात पोटरीत हाये अजून. कशाला पायजे, जनावराला?"

"देवाला, दादा."

त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बांधाबांधानं वरच्या खाचरात नेलं. तिथे हळवं भात होतं, नुकतं निसवलेलं. एक लोंबी तोडून त्यानं दाणा नखानं दाबला, पांढरं दूध आलं. "दाना भरला नाही. चालंल?" बायको म्हणाली, चालेल. "मंग घ्या. आमच्यातबी नवं करत्यात," एवढं बोलून त्यानं स्वतःच विळा घेतला.

आता तोच माणूस दरवर्षी त्या खाचरात हळवं भात आमच्यासाठी थोडं आधी लावतो. जूनमध्ये पेरणीआधी एक फोन करायचा. पैसे घेत नाही, म्हणून मंगलातून आलेले दोन नारळ आणि फणसाचे पापड त्याच्याकडे जातात.

लोंब्या आणण्याचे नियम: घरटी एक, वेदीसाठी एक जुडी, आणि दहा-पंधरा जास्तीच्या, कारण न सांगता येणारी माणसं असतातच. वीतभर देठ ठेवून कापा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घामेजतात. ओल्या पंचात गुंडाळा. आदल्या संध्याकाळी आणा, त्याआधी नाही.

फुलांसाठी फुलबाजारात जायची गरज नाही. मुलांना गंगापूर धरणाच्या बाजूला न्या, त्या दिवसांत तेरडा आणि सोनकी फुललेली असते. मुळात ही रानफुलांचीच रीत आहे. विकतचे गुलाब आणलेलं मूल इतर पोरांच्यात बिचारं दिसतं.

जेवण शाकाहारी, आणि भाज्या विषम: तीन, पाच, सात, जमल्यास नऊ. वसईत वाढलेल्या माणसाला सणाला मासे नाहीत हे पचायला वेळ लागतो, मला चार वर्षं लागली. अळू, भेंडी, दोडका, लाल माठ, तांबडा भोपळा, काकडी, गवार नाशिकच्या बाजारात सहज मिळतं. बांबूचे कोंब त्र्यंबककडून येणाऱ्या बायकांकडे मिळाले तर तुमचं नशीब. आशीर्वाद झालेल्या लोंबीतले दाणे सोलून नारळाच्या दुधात किंवा खिरीत घालतात आणि घरातलं वडीलधारं माणूस जेवणाआधी प्रत्येकाला वाढतं. जो घरी नाही त्याचाही वाटा ठेवतात. आम्ही नाशिकला आलो त्या पहिल्या सप्टेंबरात सासूबाईंनी पाकिटातून चार दाणे पोस्टानं पाठवले होते. पोचले तेव्हा पाकिटात तूस जास्त होतं. तरी बायकोनं त्यातले दोन शोधून मला दिले.

शेवटी मुलांना ऊस. तो आधीच सांगून ठेवा, आणि सोलायला माणूस बघा. चर्चच्या फरशीवर चोयट्या पडल्या तर पुढच्या वर्षीचा अर्ज अवघड जातो.

८. पैसे आणि मंडळ

मंडळ काढू नका. निदान पहिली तीन वर्षं नको. अध्यक्ष झाला की उपाध्यक्ष लागतो, मग बॅनर, मग बॅनरवर कुणाचा फोटो. शिवाय धर्मगुरूंच्या वरिष्ठांच्या संमतीशिवाय कुठल्याही संस्थेला स्वतःला "कॅथलिक" म्हणवून घेता येत नाही, आणि वर्गणी गोळा करून मालमत्ता करायला लागलात की धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलं.

एक वही, दोन माणसं, सणाच्या दुसऱ्या दिवशी हिशेब ग्रुपवर. उरलेले पैसे पॅरिशच्या पेटीत, पावती घेऊन. आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला बाहेरगावची तोबा गर्दी होते, तेव्हा आमची दहाबारा माणसं पाणी वाटायला, रांगा लावायला जातात. हे कुणी सांगितलं म्हणून नाही. पण जूनमध्ये अर्ज घेऊन गेल्यावर ऑफिसमधली बाई आता "कोण तुम्ही?" विचारत नाही.

९. ज्याला परवानगी लागत नाही ते आधी करा

डिसेंबरचा कुस्वार (नाताळचा फराळ), नेवऱ्या, दारावरचा तारा, मेच्या संध्याकाळची जपमाळ. याला ना अर्ज ना हॉल. नवे लोक मिस्सेच्या भाषेवरून झुरत बसतात आणि घरातल्या गोष्टी सोडून देतात, "इथे कोण करणार" म्हणून.

त्रिशूरच्या ताईंकडे पवित्र गुरुवारी रात्री पेसहा अप्पम असतो. तांदूळ, उडीद, खोबरं यांचं न आंबवलेलं पीठ वाफवायचं, वर झावळीचा क्रूस ठेवायचा आणि घरातल्या थोरल्यानं तो मोडून गुळाच्या नारळी दुधाबरोबर सगळ्यांना द्यायचा. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल त्यांनी करायचा नाही, शेजारपाजारचे किंवा नातेवाईक आणून देतात. ताईंचे वडील त्या वर्षी गेले होते. गावी असत्या तर चार घरांतून आला असता. नाशिकमध्ये त्यांच्या ओळखीची दोनच मलयाळी घरं, दोन्ही सुट्टीला गावी गेलेली.

बायकोनं त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्या कोट्टयमच्या बहिणीचा नंबर मिळवला, फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला आणि मंगळुरी हातानं केरळी अप्पम केला. पहिला फसला. दुसरा झाकून घेऊन मी समोरच्या दारात गेलो.

तुम्हाला करायचा झाला तर दोन गोष्टी. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मिळालेलं पान जपून ठेवा, क्रूस त्याचाच करतात. आणि पीठ वाटलं की लगेच वाफेवर चढवा. बहीण फोनवर तीनदा म्हणाली तेव्हा आम्हाला कळलं नाही, पण नाशिकच्या एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेलं उडदाचं पीठ बघता बघता फुगायला लागतं, आणि आंबलं की तो पेसहा अप्पम राहत नाही, इडली होते.